मस्कीचा रॉड हलका करताना

बर्फ वितळायच्या आत मी माझा मस्कीचा (उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) रॉड, म्हणजे गळाची काठी, बदलला. आधीचा नऊ फुटी, हेवी (जास्त ताकदीचा), त्यावर 400 साइझचं रीळ (लाइन, म्हणजे दोरा, गुंडाळायचं चाक; आकडा मोठा तर रीळ मोठं). नवा आठ फुटी, मीडियम हेवी, त्यावर 300 साइझचं. कारण साधं आहे: माझी उंची पाच फूट दोन इंच, हात लहान, आणि दिवसभर आमिष फेकल्यावर उजव्या कोपराची बाहेरची बाजू रात्री ठणकायची. लाइफ जॅकेट घातलं की लांब रॉडची मूठ दर दुसऱ्या फेकीला काखेखाली अडकायची, ते वेगळंच.

मस्की गरवण्यात मासा ओढण्याचं काम क्वचित, फेकण्याचं अखंड. इकडे मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये त्याला 'दहा हजार कास्टचा (फेकींचा) मासा' म्हणतात. त्यामुळे रॉड माशासाठी निवडायचा तसा फेकणाऱ्यासाठीही निवडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. दुपारी तीनला खांदा थकला की आमिष आळशीपणे चालतं, लक्ष उडतं, आणि नेमका तेव्हाच मासा मागे येतो.

पण 'हलका' नेमका कुठे, हे कळायला वेळ लागतो. दुकानातल्या चिठ्ठीवर रॉडचं वजन औंसांत लिहिलेलं असतं, त्यावर फारसं जाऊ नये. आपलं रीळ सोबत न्यावं, रॉडवर बसवावं, आणि रिळाच्या जरा पुढे बोटावर रॉड तोलून बघावा. टोक झपकन खाली गेलं, तर तो रॉड कागदावर कितीही हलका असो, मनगट दिवसभर ते टोक उचलत बसणार. मी घेतलेल्या रॉडपेक्षा काही ग्रॅमनी हलका एक रॉड तिथेच होता. टोकाकडे जड होता, म्हणून ठेवून दिला.

लांबीत मात्र मी आठ फुटांच्या खाली आले नाही. मस्की आमिषाच्या मागे थेट होडीपर्यंत येतो आणि तिथे घुटमळतो. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं आमिष फिरवायचं असतं. चार फुटी मासा छोट्या वळणात वळू शकत नाही, त्याला ऐसपैस वळण लागतं, आणि ते लांब रॉडनेच जमतं. सात फुटी रॉड हाताला फार गोड वाटतो, पण होडीच्या कडेला तो अपुरा पडतो. माझ्याइतक्याच उंचीच्या कुणाला आठ फूट नकोच वाटत असेल, तर साडेसातपर्यंत यावं, त्याखाली नाही.

खरा ताण असतो आमिषाचा. दोन दहा नंबरी (मोठ्या) पात्यांचं बकटेल घ्या, म्हणजे फिरत्या पात्यांमागे केसांचा झुपका असलेलं आमिष. त्याच्या वजनापेक्षा पाण्यातली ओढ जास्त छळते, प्रत्येक फिरकीला हँडल हाताशी भांडतं. 'पाउंडर' नावाचं रबरी आमिष तर नावाप्रमाणे पौंडाच्या आसपास. असली आमिषं मीडियम हेवी रॉडवर लावूच नयेत, रॉडवर लिहिलेली मर्यादा पाळावी. माझ्या रॉडवर 1 ते 4 औंस लिहिलंय, म्हणजे साधारण 28 ते 113 ग्रॅम. त्यात आठ नंबरी दुहेरी पात्यांचं बकटेल, सहा इंची ग्लाइड (डावी-उजवीकडे सरकत चालणारं आमिष) आणि पाण्यावर चालणारी बरीचशी आमिषं आरामात बसतात. ही लहान आमिषं मोसमाच्या सुरुवातीला, आणि थंड हवेची लाट येऊन गेल्यावर मासा रुसलेला असताना, मला मोठ्यांपेक्षा जास्त आवडतात.

रिळाबद्दल थोडक्यात. 300 साइझचं लो-प्रोफाइल (बुटकं) रीळ माझ्या तळहातात मावतं, आणि तीच त्याची सगळ्यात मोठी खूबी, कारण रीळ नीट धरता आलं नाही की कोपर ते काम अंगावर घेतं. हँडल मात्र लांब आणि मुठी मोठ्या घ्या. बकटेल जास्त वापरत असाल तर 5 च्या आसपासचा गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात लाइनची गुंडाळी किती वेळा फिरते ते) हाताला दया दाखवतो.

एक गोष्ट मात्र हलकी करायची नाही: लाइन. मी 80 पौंडी ब्रेडवरून (विणलेली लाइन; पौंड म्हणजे ती सोसते तो भार) 65 वर आले आणि तिथेच थांबले. पातळ ब्रेड स्पूलमध्ये (रिळावरच्या गुंडाळीत) रुतते. फेकताना गुंता होऊन रीळ अचानक अडलं, तर लाइन तुटते आणि आमिष तळ्यात जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मासा. मिनेसोटात मस्की ठेवायचा तर किमान 54 इंच लागतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मासा परत पाण्यात जाणार. तो लवकर होडीशी यायला हवा. बारीक सामानावर अर्धा तास झुंजवलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण नंतर मरू शकतो, आणि कोमट पाण्यात तर धोका फारच वाढतो. तळ्याचं पाणी 80 अंश फॅरनहाइटवर गेलं की मी मस्कीच्या मागे जातच नाही. म्हणून रॉडचं टोक लवचिक चालेल, पण खालच्या अर्ध्या भागात दम हवाच. दुकानात कुणाला तरी लाइन धरायला लावून रॉड वाकवून बघा.

पाइकला (मस्कीच्या जातभाईला) एवढं काही लागत नाही. वसंतात उथळ खाडीत तांबडा-पांढरा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) किंवा पाच नंबरी मेप्स (फिरत्या पात्याचं छोटं आमिष) टाकायचा असेल, तर त्याहूनही हलका रॉड आणि 50 पौंडी ब्रेड पुरते. पुढे तारेचा लीडर (लाइन आणि आमिष यांच्यामधला तुकडा) मात्र हवाच, त्या दातांपुढे साधी लाइन टिकत नाही. पाइकसाठी गेलं तरी आमिषाला मस्की लागू शकतो, त्यामुळे मोठी रबरी जाळी, लांब पक्कड आणि गळ कापायची कात्री माझ्या होडीत कायम असते. ओळखायला सोपं: पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके, मस्कीच्या फिकट अंगावर गडद खुणा. कधी ठिपकेच नसतात, तेव्हा खालच्या जबड्याखालची छिद्रं मोजा. एका बाजूला पाच किंवा कमी असतील तर पाइक, सहा किंवा जास्त असतील तर मस्की.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी रॉड बदला. जुनं 400 चं रीळ समतोल रॉडवर एक मोसम सहज निभावतं, उलटं केलं तर कोपर तसंच दुखत राहील.