स्पेअर गाडी किती?

अप्पा सांगलीला एसटीच्या विभागीय कार्यशाळेत तीस वर्षं होते. गेल्या वर्षी ते पहिल्यांदाच आमच्याकडे, ऑस्ट्रेलियातल्या वॉगा वॉगाला आले. न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातलं हे साठ-सत्तर हजार वस्तीचं शहर. सिडनी इथून साडेचारशे किलोमीटर, गाडीने पाच तास. रेल्वे दिवसातून दोनदाच, त्यातली एक रात्रीची. विमानाने सव्वा तास. रीजनल व्हिसावर, म्हणजे महानगरांबाहेर राहण्याच्या अटीवर आलेली आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं अशा गावांतून राहतात, आणि त्या सगळ्यांचा भारताशी असलेला धागा या सव्वा तासातून जातो.

अप्पांना विमानतळ दाखवायला नेलं तर ते कुंपणापाशीच थांबले. पलीकडे साब ३४० उभं होतं. चौतीस आसनांचं, दोन पंख्यांचं स्वीडिश विमान. आत एका बाजूला एक आसन, दुसऱ्या बाजूला दोन. दार उघडलं की विमानातलाच जिना खाली येतो. डाव्या इंजिनाची झाकणं वर करून एक मेकॅनिक शिडीवर उभा होता, कोपरापर्यंत हात आत घातलेला. खाली ट्रॉलीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कापलेला ट्रे होता. एकही खाच रिकामी राहिली तर विमान सोडायचं नाही, हे मी अप्पांना सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. लांब कडेला तीन विमानं उभी होती, इंजिनाच्या तोंडाला लाल झाकणं आणि पंखे पट्ट्याने बांधलेले.

"ही मार्गावरची नव्हेत," अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "स्पेअर गाडी किती असतात गं ह्यांच्याकडं?"

या एका प्रश्नाभोवती मी वर्षभर वाचते आहे, आणि इथल्या प्रादेशिक विमानसेवेचं सगळं दुखणं त्यात येतं असं माझं ठाम मत झालंय.

वॉगाला रेक्स, म्हणजे रीजनल एक्स्प्रेस या कंपनीचा देखभालीचा मोठा तळ आहे. २००१ मध्ये अ‍ॅन्सेट ही मोठी विमान कंपनी बुडाली. तिच्या हेझल्टन आणि केंडेल या दोन छोट्या उपकंपन्या एकत्र करून २००२ मध्ये रेक्स उभी राहिली. साब ३४० विमानांचा जगातला सगळ्यात मोठा ताफा तिच्याकडे, पन्नासहून जास्त. गंमत म्हणून क्वीन्सलंड राज्याचा नकाशा उघडून पाहा. ब्रिस्बेनहून निघालेलं एक विमान टुवूम्बा, चार्लव्हिल, क्विल्पी, विंडोरा, बर्ड्सव्हिल, बेडुरी, बूलिया असं थांबत थांबत माउंट आयझाला पोचतं. यातल्या काही गावांत शंभर-दीडशे माणसंच राहतात. राज्य सरकार पैसे देतं म्हणून ते चालतं. अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. 'गाव तिथे एसटी' हे वाक्य ज्यांनी बसच्या मागे रंगवलेलं रोज पाहिलंय, त्यांना या मार्गाचं मोल वेगळं समजवावं लागत नाही.

रेक्सने मार्च २०२१ मध्ये मोठी बोइंग ७३७ जेट विमानं भाड्याने घेऊन सिडनी-मेलबर्नसारख्या मोठ्या मार्गांवर उडी घेतली. ३० जुलै २०२४ ला कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली आणि ती जेट विमानं थांबली. साबची सेवा मात्र चालू ठेवली गेली, कारण ती थांबली असती तर कित्येक गावांना दुसरं विमानच नव्हतं. केंद्र सरकारने प्रवाशांच्या तिकिटांची हमी घेतली, पुढे ८ कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज दिलं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एअर टी कंपनीशी विक्रीचा करार झाला. बातम्यांत पैशांचीच चर्चा जास्त झाली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. कंपनीची बरीचशी साब विमानं तेव्हा उडतच नव्हती. इंजिनं नाहीत, सुटे भाग नाहीत, वैमानिक आणि मेकॅनिक अपुरे. नव्या मालकाकडून सरकारची अपेक्षाही हीच, की उभी राहिलेली विमानं परत हवेत यावीत.

साब ३४० चं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. एकूण ४५९ बनली. म्हणजे सगळ्यात तरुण विमानसुद्धा पंचवीस वर्षांच्या पुढचं. नुसतं वय वाईट नसतं, नीट राखलेलं जुनं विमान सुरक्षित असतं. पण छोट्या मार्गावरच्या विमानाची झीज वेगळी असते. विमानाचं आयुष्य तासांइतकंच फेऱ्यांत मोजतात, एक उड्डाण आणि एक उतरणं मिळून एक फेरी. सिडनीहून सिंगापूरला जाणारं विमान आठ तासांत एक फेरी खर्च करतं, आमचं छोटं विमान तेवढ्या वेळात पाच-सहा. चाकं, ब्रेक, इंजिनाचे गरम भाग, सगळ्यांना प्रत्येक फेरीत झटका बसतो.

१७ मार्च २०१७ ला ऑल्बरीहून सिडनीला निघालेल्या एका साबचा उजवा पंखा सिडनी जवळ आलं असताना हवेतच निखळून पडला. वैमानिकांनी ते एका इंजिनावर सुखरूप उतरवलं, कुणालाही इजा झाली नाही. तपासात पंख्याच्या दांड्याला झिजेमुळे गेलेला तडा सापडला. अशा घटनेनंतर तपासण्या वाढतात, वाढायलाच हव्यात. आणि तपासणी म्हणजे विमान हँगरमध्ये. त्या दिवशी त्याच्या जागी जायला दुसरं विमान हवं. अप्पा म्हणतात ती स्पेअर गाडी.

मग नवी विमानं का घेत नाहीत? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं की तीस-पस्तीस आसनांचं नवं प्रवासी विमान आज बाजारात जवळजवळ मिळतच नाही. साब बंद. डॅश ८ या कॅनडाच्या विमानाचे छोटे नमुने बंद, मोठ्या डॅश ८-४०० चं उत्पादनही २०२१ पासून थांबलेलं. एकोणीस आसनांच्या खालच्या वर्गात थोडं काही आहे. त्यानंतर थेट एटीआर ४२, पन्नासच्या आसपास आसनांचं. तुमच्या गावातून एका फेरीला वीस-बावीस माणसं जात असतील तर पन्नास आसनांचं विमान अर्धं रिकामं जाणार. ते भरायचं तर दिवसाच्या दोन फेऱ्यांची एक करावी लागते, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची सोय संपते. शिवाय इथे चाळीसपेक्षा जास्त आसनांच्या विमानासाठी प्रवाशांची सुरक्षा तपासणी लागते. छोट्या नगरपालिकेने ती यंत्रं आणि माणसं कुठून आणायची?

क्वांटास या ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीच्या प्रादेशिक शाखेनेही छोटी डॅश ८ विमानं काढून सगळा ताफा डॅश ८-४०० वर आणायचं ठरवलं, तीही जुनी, दुसऱ्या हाताची. एकाच जातीची विमानं असली की सुटे भाग आणि वैमानिक सगळीकडे चालतात, हे मला पटतं. पण लॉर्ड हाव बेटाची धावपट्टी नऊशे मीटरही नाही, तिथे मोठी डॅश उतरू शकत नाही. ताफा एकसारखा करताना असा एखादा ठिपका नकाशावर उघडा पडतो.

विजेच्या विमानांबद्दल मला कळकळीची आशा आहे. छोटं अंतर, थोडी माणसं, हा त्यांचा पहिला प्रांत ठरू शकतो. पण बॅटरीचं वजन अजून हटत नाही, आणि साब आजच थकलेत. मधली दहा वर्षं कोण निभावणार, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता स्वतःचं सांगते. अप्पांच्या परतीच्या दिवशी आमचं दुपारचं विमान रद्द झालं. इथून दोन कंपन्या सिडनीला उडतात, त्यांतली कुठली ते लिहीत नाही, काउंटरवरच्या मुलीचा त्यात काडीचा दोष नव्हता. तांत्रिक कारण, दुसरं विमान उपलब्ध नाही. अप्पांचं मुंबईचं विमान रात्री होतं. नवरा ड्यूटीवर. मी अप्पांना गाडीत बसवलं आणि निघाले. गुंडागाई, यास, गोलबर्न. गोलबर्नच्या अलीकडे अंधार पडला, आणि अंधार पडताना कांगारू रस्त्यावर येतात. अप्पा खिडकीला नाक लावून डावी बाजू बघत होते, मी उजवी. पाच तासांत आम्ही धड दहा वाक्यं बोललो नाही. निरोपासाठी मी जे काही मनात जुळवून ठेवलं होतं ते सगळं राहून गेलं. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो.

त्यानंतर माझ्या ओळखीतली चार घरं मी विचारली. चौघंही आता महत्त्वाच्या प्रवासाला विमान धरत नाहीत, गाडी काढतात. कुणालाच भाडं महाग वाटत नव्हतं. प्रत्येकाचं एकदा काहीतरी हुकलं होतं: व्हिसाची मुलाखत, ऑपरेशनची तारीख, एकाच्या आईचं शेवटचं दर्शन. अशी चार-चार घरं गळत गेली की आसनं रिकामी राहतात, मग फेरी कमी होते, मग उरलेल्यांनाही वेळ जुळत नाही. अप्पांनी एसटीत हेच पाहिलंय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोनदा गाडी आली नाही की तिसऱ्या दिवशी माणसं वडापच्या जीपमध्ये बसतात, आणि मग हिशेबवाले म्हणतात या मार्गावर प्रवासीच नाहीत.

सरकार आसनामागे पैसे देतं, भाड्यावर मर्यादा घालतं. त्याऐवजी एका जादा विमानाचे आणि चार जादा इंजिनांचे पैसे दिले तर गावांचा जास्त फायदा होईल, असं मला वाटतं. आपल्याकडच्या उडान योजनेतही तीन वर्षं तूट भरून देतात. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तेव्हा मालवणच्या माझ्या मामेबहिणीने पेढे वाटले होते. मार्च २०२४ पासून गोव्याची फ्लाय ९१ कंपनी एटीआर ७२ विमानांनी सिंधुदुर्ग, जळगाव अशी गावं जोडते आहे, आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं. तुमच्यापैकी कुणी तिकडून नेहमी जात असाल तर भाड्याआधी मला एवढंच कळवा, महिन्यात किती वेळा विमान रद्द होतं आणि रद्द झालं की दुसरं किती तासांत येतं.

अप्पा डिसेंबरमध्ये परत येताहेत. या वेळी परतीचं तिकीट काढताना सिडनीत एक रात्र मुक्काम धरलाय, दोघांसाठी एकच खोली, विमानतळाजवळ.