आजीचा फोटो, लेझर आणि गायब झालेलं नाक

आजीचा जुना फोटो लेझरने लाकडावर कोरून घ्यायचा होता, म्हटलं त्यात काय, इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, ट्रेस बिटमॅप मारायचं (म्हणजे फोटोचे आपोआप रेषा-आकार होतात), झालं. कसलं काय! ब्राइटनेस कटऑफ (कितपत गडद भाग काळा धरायचा ती मर्यादा) 0.45 होता तसाच ठेवला तर आजीचं नाकच गायब, वाढवला तर अर्धा चेहरा काळा, कारण फोटोत उजेड एकाच बाजूने. शेवटी आधी गिंप या फोटो एडिटरमध्ये बॅकग्राउंड काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला, गालावरची सावली जरा उजळली आणि मग ट्रेस केलं. तरी बारीक ठिपके साफ करताना स्पेकल्स या सेटिंगने नथीतले मोतीही कचरा समजून उडवले, ते मग पेन टूलने हाताने काढत बसलो. आणि हो, डोळ्यातला पांढरा ठिपका जाऊ देऊ नका, तो गेला की माणूस बसल्या बसल्या झोपल्यासारखा दिसतो.

केसांचे नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) तर विचारूच नका. कंट्रोल एल (रेषा सोपी करणारा शॉर्टकट) दोनदा दाबून कमी केले, तिसऱ्यांदा दाबलं तर अंबाड्याचा पार बटाटा, लगेच अंडू.

एसव्हीजी (रेषा-आकारांच्या रूपातली चित्राची फाइल) घेऊन लेझरवाल्याच्या दुकानात गेलो, आधी प्लायच्या तुकड्यावर टेस्ट मारून घेतली. कपाळावरच्या आठ्या जरा जास्तच जळल्यात. आई बघून म्हणाली, "सासूबाई रागावल्या की अश्शाच दिसायच्या."