तुम्ही विचारलंत म्हणून: कल्याण ते नागपूर, विमान की समृद्धी?

ऑफिसात, सोसायटीत, कुणाच्या लग्नात, माझं माहेर नागपूरचं आहे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग विमानाने जाता की समृद्धीने? वेळ किती लागतो?" म्हणून एकदा नीटच सांगते.

विमान हवेत असतं साधारण दीड तास. पण आम्ही राहतो कल्याणला, मुंबई एअरपोर्टला पोचायलाच दीड-दोन तास, तिथे दोन तास आधी हजर, मग उड्डाण, मग बॅगेची वाट, आणि सोनेगावच्या विमानतळावरून घरी जायला अर्धा तास. दारातून दारात सहा-साडेसहा तास धरा.

समृद्धी ७०१ किलोमीटर, भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत. आम्ही गांधारी पुलावरून पडघ्याच्या बाजूने जाऊन आमणेला चढतो. सरकारी हिशोब आठ तासांचा आहे, पण पोरं सोबत असली, दोन-तीनदा थांबलो की घरापासून दहा तास लागतातच. तरी पूर्वी धुळे-जळगाव-अकोला-अमरावती करत पंधरा-सोळा तास जायचे, अंग नुसतं आंबून जायचं. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आमचा कसारा घाट सुटला, आता तिथे जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे.

माझं मत विचाराल तर एकटे असाल तर विमान, चौघं असाल तर गाडी, कारण चार तिकिटांचे पैसे आणि येताना आईने दिलेली संत्री, तांदूळ, सांडगे हे विमानाच्या पंधरा किलोत बसत नाही. फक्त टायर बघून निघा. सिमेंटचा सरळ रस्ता, १२० चा स्पीड, उन्हाळ्यात टायर तापतात, जुने असले तर फुटतात. आणि सरळ रस्त्यावर डोळा लागतो हो, खरंच लागतो, जालना आलं म्हणजे साधारण अर्धं झालं, तिथे उतरून चहा घ्याच.

रात्री निघू नका असं मी सगळ्यांना सांगते, आणि स्वतः एकदा निघाले. रात्री साडेदहाला आईचा फोन, बाबांच्या छातीत दुखतंय, हॉस्पिटलला नेलंय. विमान होतं ते थेट सकाळी. मी नुसती घरात फेऱ्या मारत बसणं शक्यच नव्हतं, सव्वाअकराला निघालो, नवऱ्याने आणि मी आलटून पालटून चालवली. बोगद्यातले पिवळे दिवे काचेवरून एकामागे एक सरकत होते, तेवढ्या वेळात फोनला रेंज नव्हती, ती मिनिटं मला अजून आठवतात. सकाळी आठला हॉस्पिटलात पोचलो. पहिल्या विमानाने गेले असते तरी साधारण तेव्हाच पोचले असते, पण ती रात्र घरात बसून काढावी लागली असती.

बाबांनी मला बघून मास्क बाजूला केला आणि विचारलं, "काहून आले रात्रीचे? टायरची हवा पाहिली होती न?"

आता बरे आहेत ते. दिवाळीला आम्ही चौघं जातोय, गाडीनेच, पण पहाटे पाचला निघून.