तुम्ही विचारलंत म्हणून: सापेरावी

"तिबिलिसीला डॉक्टरकी शिकायला गेली अन् दारूचं कौतुक शिकून आली का जी?" जॉर्जिया देशाच्या राजधानीतून, तिबिलिसीहून, परत आल्यापासून हे ऐकतेय. धरमपेठेत, लग्नांत, पेशंटांच्या नातेवाइकांकडूनसुद्धा. तर एकदाचं सांगून टाकते.

मी कौतुक करते ते एका द्राक्षाचं. सापेरावी, जॉर्जियाच्या काखेती भागातलं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो, लाल वाईनला रंग येतो तो सालीतून. सापेरावी चिरडा, आतूनही लालच. नावाचा अर्थच 'रंगवणारं'. उशिरा पिकतं, ऑक्टोबरही उजाडतो, आणि गोडी भरली तरी आंबटपणा सोडत नाही. त्याचा रस सालीबियांसकट 'क्वेवरी'त आंबवतात. क्वेवरी म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण. आपलं धान्याचं पेव आठवा. २०१३ साली युनेस्कोनं ही पद्धत वारसा म्हणून नोंदवली. मी घरमालकिणीच्या गावी तोडणीला गेले होते, नखं आठवडाभर जांभळी होती.

शिक्षण संपवून आले तेव्हा बॅगेत एक बाटली होती. प्यायला नाही, बाबांना रंग दाखवायला. मी 'बघा तरी' म्हणेपर्यंत त्यांनी ती मोरीत उपडी केली. पूर्ण. एक शब्द न बोलता. आईनं फरशीवर खायचा सोडा घासला, तर डाग निळा पडला. लिंबू पिळलं, तर पुन्हा लाल. ती रडत होती आणि मी, मूर्खासारखी, तिला आम्ल-अल्काचं शास्त्र समजावत होते. धाकटे काका दारूनं गेले तेव्हा मी नववीत होते. मला ते माहीत होतं. तरीही बाटली आणलीच.

तेव्हा मी म्हणायचे, बाबा कोत्या मनाचे. १९८५ च्या, सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हच्या दारूविरोधी मोहिमेत जॉर्जियातल्या बागा उपटल्या गेल्या, तसंच हे, असंही त्यांना ऐकवलं होतं. आज वॉर्डात दारूनं यकृत गेलेल्यांची पाणी भरलेली पोटं तपासते तेव्हा ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं. पण त्या द्राक्षानं काकांना मारलं नाही, हेही खरंच ना? काखेतीतही दारूनं माणसं मरत असतील, मग? इथेच अडकते.

फरशांच्या फटीतली जांभळी रेघ दिवाळीपर्यंत होती. बाबा रोज त्याच मोरीत हातपाय धुवायचे. ती घासून काढा, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.