बाम्बेर्गच्या ऑक्टोबरातली बिअर-ब्राटवुर्स्ट

जर्मनीतल्या बाम्बेर्गमध्ये उन्हाळाभर ब्राटवुर्स्ट, म्हणजे आतड्यात भरलेल्या डुकराच्या खिम्याचं सॉसेज, निखाऱ्यावर भाजतात आणि पावात घालून उभ्याउभ्या खातात. ऑक्टोबरात अंधार लवकर पडू लागला की तीच ब्राटवुर्स्ट घरात येते, कांदा आणि बिअरसोबत पातेल्यात शिजते आणि सगळे टेबलाभोवती बसून जेवतात. हे जेवण आपल्याला घरी करता यावं, असं मला इथे आल्यापासून वाटत होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी ते मला शिकवलं. कृती फार मोठी नाही, पण सगळं अवलंबून असतं ते कोणती बिअर घ्यायची आणि आच किती ठेवायची यावर.

खरेदीपासून सांगते. खाटकाच्या दुकानात ब्राटवुर्स्ट दोन प्रकारची मिळते, कच्ची आणि आधीच गरम पाण्यात शिजवून ठेवलेली. शिजवलेली पांढुरकी दिसते, दोन-तीन दिवस टिकते, पण या पदार्थाला ती निरुपयोगी. तिचा रस आतच बंद झालेला असतो, त्यामुळे बिअरला तिच्याकडून काही मिळत नाही. कच्ची घ्यायची, जाडसर खिम्याची, डुकराच्या खऱ्या आतड्यात भरलेली, आणि त्याच दिवशी शिजवायची. फ्रँकोनिया या इथल्या प्रदेशातल्या या जाड ब्राटवुर्स्टमध्ये मीठ, मिरी आणि भरपूर मार्जोरम (एक सुवासिक पाल्याचा मसाला) असतं. शेजारच्या न्युर्नबेर्गची ब्राटवुर्स्ट बोटाएवढी, सात ते नऊ सेंटिमीटर लांब आणि वीस-पंचवीस ग्रॅम वजनाची. २००३ पासून तिच्या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे, त्यामुळे त्या शहराबाहेर बनवलेली ब्राटवुर्स्ट ते नाव लावू शकत नाही. चवीला ती सुरेख असते, पण बिअरमध्ये सावकाश शिजवायला मला जाडच बरी वाटते. लहान असली की आतपर्यंत लगेच शिजते आणि रश्शाला काही द्यायच्या आतच बाहेर काढावी लागते.

आता बिअर. हातात येईल ती बाटली ओतून चालत नाही. बिअरचा कडवटपणा हॉप्स या वेलीच्या फुलांमधून येतो आणि तो वाफेबरोबर उडून जात नाही. रस्सा आटतो तसं पाणी कमी होतं आणि कडूपणा तेवढाच राहतो. पिल्सनर ही फिकट, कडवट बिअर ग्लासात कितीही छान लागो, आटवली की जिभेला बोचते. आजींनी पहिल्याच दिवशी मला पिल्सनर बाजूला ठेवायला लावली आणि डुंकेल उघडली. डुंकेल म्हणजे गडद, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोडव्याची आणि कमी हॉप्सची बिअर. मेर्त्सनही चालते, आणि शरदाशी तिचं जुनं नातं आहे. १५५३ मध्ये बव्हेरियात हुकूम निघाला होता की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायची नाही. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून ती थंड तळघरांत साठवत आणि शरदापर्यंत पुरवत. मेर्त्सन हे नाव त्या मार्चवरूनच आलं.

बाम्बेर्गची स्वतःची खासियत म्हणजे राउखबिअर, धुराची बिअर. तिचं माल्ट बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या इथल्या दोन जुन्या ब्रुअरी अजूनही हे माल्ट स्वतःच तयार करतात. नुसती राउखबिअर घातली तर रश्शात धूरच धूर होतो आणि मार्जोरम कुठल्या कुठे जातं. मी एक भाग राउखबिअर आणि दोन भाग डुंकेल घेते. सहा ब्राटवुर्स्टना अर्ध्या लिटरहून थोडी जास्त बिअर लागते.

कांद्यात कंजुषी नको. चार मोठे कांदे उभे चिरून लोणी आणि चमचाभर डुकराच्या चरबीत मंद आचेवर परतायचे, चांगली पंचवीस मिनिटं. कांदा सोनेरी आणि मऊ व्हायला हवा, पण कडा जळता कामा नयेत, कारण त्याचा गोडवाच पुढे बिअरच्या कडूपणाला आवरतो. मग तमालपत्र, थोडं क्युमेल (दिसायला जिऱ्यासारखं, वासाला शहाजिऱ्याच्या जवळचं) आणि बिअर. एक उकळी येऊ द्यायची म्हणजे फेस बसतो. आणि मग आच अगदी कमी करायची.

या पुढच्या टप्प्यावरच पदार्थ ठरतो. ब्राटवुर्स्ट उकळत्या बिअरमध्ये टाकायचीच नाही. आतडं उष्णतेने आकसतं. बाहेर ते आवळतंय आणि आत खिमा फुगतोय अशी स्थिती झाली की ते फाटतं, चरबी बाहेर वाहते आणि उरतो कोरडा, दाणेदार खिमा. द्रव ७५ ते ८० अंश सेल्सियसला राहिला पाहिजे. पातेल्यातून वाफ निघते, कडेला क्वचित एखादा बुडबुडा येतो, पण पृष्ठभाग हलत नाही. आजी थर्मामीटर वापरत नाहीत. त्या झाकण अर्धं उघडं ठेवून नुसतं बघत बसतात. हा अंदाज त्यांना ब्लाउए झिप्फेलमुळे आला असं त्या सांगतात. त्या पदार्थात कच्ची ब्राटवुर्स्ट व्हिनेगर आणि कांद्याच्या पाण्यात अशीच, न उकळता शिजवतात. मी मात्र थर्मामीटर विकत घेतला आणि तो घ्यावाच असं सांगेन. वीस-बावीस मिनिटांनी ब्राटवुर्स्टच्या मध्यभागी ७२ अंश दिसले की शिजली. डुकराच्या खिम्याच्या बाबतीत अंदाजापेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा.

बाहेर काढलेली ब्राटवुर्स्ट फिकट आणि गुळगुळीत दिसते, भूक लागेल असं तिच्यात काही नसतं. तिला कापडाने पूर्ण कोरडी पुसायची. ओली राहिली तर आधी ते पाणी उडण्यातच तव्याची उष्णता जाते आणि साल तांबूस होत नाही. मग लोखंडी तव्यावर थोड्या लोण्यात सगळ्या बाजूंनी खरपूस करायची. तीन-चार मिनिटं पुरतात, आत ती शिजलेलीच असते.

तोवर शेजारच्या शेगडीवर कांदा-बिअर मोठ्या आचेवर आटू द्यायची. एव्हाना तिच्यात ब्राटवुर्स्टची चरबी, मीठ आणि मार्जोरम उतरलेलं असतं, म्हणून मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच. दाटपणासाठी इथे झोसेनलेबकुखेन घालतात. हा खास रश्शासाठी बनवलेला, साखरेचा लेप नसलेला मसाल्याचा केक. दोन चमचे किसून टाकला की रस्सा चमकदार आणि दाटसर होतो, लवंग-दालचिनीचा हलका वास येतो आणि कडूपणाची शेवटची धार बोथट होते. नसेल तर राय पावाचा शिळा कडक तुकडा कुस्करून घालावा. शेवटी चमचाभर मोहरी सॉस, मध्यम तिखट, आणि मग उकळायचं नाही.

जेवायला येणाऱ्यांना मी आधीच सांगते की यात बिअर आहे. शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातं हा समज अर्धवट खरा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अर्धा तास शिजवलेल्या पदार्थात मूळ अल्कोहोलचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी मी वेगळ्या पातेल्यात गढूळ, न गाळलेला सफरचंदाचा रस आणि भाज्यांचं पाणी निम्मं निम्मं घेते, वर थोडं व्हिनेगर. शरदात ताजा रस मिळतो आणि तेही जेवण उत्तम होतं. अल्कोहोलमुक्त बिअर मी त्यांना देत नाही, कारण जर्मनीत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेल्या बिअरलाही तसं म्हणता येतं.

सोबत सालासकट उकडलेले बटाटे. बाम्बेर्गर ह्योर्नला हा इथला लहान, वाकडा बटाटा मिळाला तर तोच घ्यावा. त्याचा गर घट्ट असतो आणि रश्शात फुटत नाही. झाउरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, सफरचंदाच्या फोडी घालून गरम करते. आणि बायर्सडॉर्फ गावाकडचं किसलेलं मेरेटिश (हॉर्सरॅडिश हे तिखट मूळ), जे नाकात झणझणतं, ते हवंच.

मापुसाच्या बाजारातले चोरिस (गोव्याचं सॉसेज) यात घालू का, असं गोव्याच्या मैत्रिणीने विचारलं होतं. मी नको म्हटलं. चोरिस मीठ, मिरची, व्हिनेगर लावून मुरवलेलं आणि वाळवलेलं असतं. त्याची आंबट-तिखट चव इतकी जोरकस असते की माल्ट तिच्यापुढे टिकणार नाही. तिला मी ताजा, जाडसर डुकराचा खिमा घेऊन त्यात मीठ, मिरी, जायफळ आणि वाळलेलं मार्जोरम घालायला सांगितलं, आणि आतडं मिळालं नाही तर लांबट मुटके वळून आधी तव्यावर हलके तांबूस करून मग बिअरमध्ये सोडायला.