रानभाज्यांचं प्रिंट कापडावर उतरताना

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. तिथे पान ठरलेलं असतं, चौकट ठरलेली असते आणि मूल चित्राकडे समोरूनच बघणार हेही ठरलेलं असतं. कपड्यावरच्या प्रिंटचं काम आलं आणि यातलं काहीच उरलं नाही. चित्र अंगावर जाणार, त्याला चुण्या पडणार, शिंपी ते मधोमध कापणार, बाही जोडताना अर्धं फूल शिवणीत जाणार. चित्रकार मित्रमैत्रिणी या कामाबद्दल विचारतात तेव्हा बहुतेकांना सॉफ्टवेअर कोणतं वापरलं ते हवं असतं. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर होतं, म्हणून ते इथे लिहिते आहे.

मुंबईतल्याच एका लहान कुर्त्यांच्या ब्रँडला पावसाळ्यासाठी सुती प्रिंट हवं होतं. छत्र्या, ढग आणि कागदी होड्या नकोत, एवढंच त्यांनी सांगितलं. ठरावीक अर्थाने ते मला दिलेलं काम नव्हतं. मी काही करून दाखवावं, आवडलं तर घेऊ, असं बोलणं झालं होतं. याचा पुढे फार उपयोग झाला.

मी गोरेगावला राहते. पावसाची चाहूल लागली की स्टेशनबाहेर आरेच्या पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, मग करटोली. कुर्डूची कोवळी पानं मधूनमधून येतात. त्याचे गुलाबी-पांढरे तुरे मात्र गणपतीच्या सुमारास रानात दिसायला लागतात. मुंबईचा पावसाळा मला या क्रमाने आठवतो. म्हणून विषय शोधावा लागला नाही.

शेवळं विकत घेतली त्याच दिवशी काढायला बसले, कारण दुसऱ्या दिवशी ती मान टाकतात. खालून फिकट हिरवट आणि वर चढत जाणारा जांभळट तपकिरी रंग. असा रंग दुसऱ्या कुठल्या भाजीत मी पाहिलेला नाही. ती देणाऱ्या मावशींनी न विचारताच सांगितलं, "काकडं पण घे, नायतर घसा खाजंल." मग काकडंही, म्हणजे शेवळांबरोबर शिजवायची ती आंबट फळं, घेतली आणि तीही काढली. करटोलीची वेल मिळाली नाही, नुसती फळं मिळाली. वेल बघायला आरेत गेले तेव्हा तिचे ताणे बघून फार आनंद झाला. पातळ, एकेरी, हवी तिकडे वळणारी ती रेघ पुढे सगळं डिझाइन बांधून ठेवणार आहे हे तेव्हाच जाणवलं होतं.

पहिली चित्रं मी उभी काढली. जमिनीतून वर आलेलं शेवळ, वर जाणारी वेल, उभा टाकळा. चित्र म्हणून ती मला आजही आवडतात. ती घेऊन मी ब्रँडच्या कटिंग मास्तरांकडे गेले. त्यांनी कागद उलटा धरला, सरळ धरला आणि म्हणाले, "ताई, हे वन-वे आहे. कापड जास्त जाणार." कापड कापताना कुर्त्याचे भाग एकमेकांत बसवतात. एक भाग सरळ, दुसरा डोकं खाली करून, म्हणजे वाया जाणारं कापड कमी होतं. प्रिंटला वर-खाली असेल तर सगळे भाग एकाच दिशेने ठेवावे लागतात आणि प्रत्येक कुर्त्यामागे कापड वाढतं. मोठ्या ऑर्डरमध्ये हा फरक एवढा होतो की चांगलं प्रिंटसुद्धा त्यापायी बाजूला पडतं.

सोपा उपाय म्हणजे अर्धी झाडं उलटी करायची. बाजारातली कितीतरी प्रिंट्स तशीच असतात. पण उलटं लटकलेलं शेवळ मला बघवेना. ते जमिनीतून येतं, त्याचा सगळा जोर वरच्या दिशेला असतो. मग पुन्हा स्टेशनबाहेरचा तो प्लॅस्टिकचा कागद आठवला. त्यावर भाज्या उभ्या कुठे असतात? जुड्या आडव्या, तिरप्या, एकमेकींवर पडलेल्या असतात. करटोली गडगडत कडेला गेलेली असतात. तिथे वर-खाली नसतंच. मी सगळी मांडणी मोडली आणि रानातली झाडं सोडून विकायला मांडलेल्या जुड्या काढल्या. शेवळं कुठल्याही दिशेला पडलेली चालतात, कारण ती खरोखरच तशी पडलेली असतात. मास्तरांची अडचण सुटली आणि डिझाइनही आधीच्यापेक्षा खरं झालं.

आता रिपीट. प्रिंट म्हणजे एकच तुकडा शेजारी-शेजारी, वर-खाली पुन्हा पुन्हा येणार, आणि जोड दिसता कामा नये. हे संगणकावर होतं, पण मी पहिल्यांदा कागदावर केलं आणि नवीन माणसाने तसंच करावं असं माझं ठाम मत आहे. चौकोनी कागदाच्या मधल्या भागात चित्र काढायचं, कडांना हात लावायचा नाही. कागद उभा मधोमध कापून डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावायची. मग आडवा कापून तसंच वर-खाली करायचं. आधीच्या कडा आता मध्यभागी येतात आणि मधे रिकामी जागा उरते. ती भरली की रिपीट तयार. हाताने केलं की कोणती रेघ कड ओलांडून पलीकडे जाते ते डोक्यात पक्कं बसतं.

पण तयार झालेला तुकडा बारा-पंधरा वेळा जोडून भिंतीवर लावेपर्यंत काहीच कळत नाही. जवळून सगळं छान दिसतं आणि लांब गेलं की कापडभर तिरपे रिकामे पट्टे दिसायला लागतात, किंवा एखादं गडद शेवळ दर फुटावर ओळीने उभं राहतं. डोळा आधी ती रांग बघतो, भाजी नंतर. हाफ-ड्रॉप केलं, म्हणजे शेजारचा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकवला, तेव्हा रांगा मोडल्या. उरलेल्या रिकाम्या जागांमधून करटोलीचे ताणे फिरवले. रिपीटची उंची ३२ सेंटिमीटर ठेवली. मोठ्या ऑर्डरसाठीच्या रोटरी मशीनमध्ये स्क्रीन, म्हणजे रंग कापडावर उतरवणारी जाळी, नळकांड्यासारखी गोल फिरते; तिचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर असतो, त्याला ३२ ने भाग जातो. पुढेमागे ऑर्डर वाढून कापड मशीनवर गेलं तरी चित्र बदलावं लागणार नाही.

मोटिफचा, म्हणजे प्रिंटमधल्या एकेका चित्राचा, आकार मी टेबलावर बसून ठरवला नाही. कागदावर छापून मैत्रिणीच्या कुर्त्यावर टाचण्यांनी लावला आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. करटोलं गोल आणि ठसठशीत असल्यामुळे कापड कसंही कापलं तरी ते छातीवर नको तिथे येऊ शकतं. बाई हे घालून लोकलमध्ये उभी राहणार आहे, तिला अवघडल्यासारखं होता कामा नये. म्हणून फळं लहान केली, दोन-तीनच्या घोळक्यात ठेवली आणि पानांनी अर्धी झाकली.

कापडासाठी मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटने मंगळदास मार्केटला. मलमल अंगाला सुंदर, पण गडद जांभळा त्यावर पलीकडून दिसतो. पॉपलीन जरा ताठ वाटलं. शेवटी ४४ इंची पन्ह्याचं केंब्रिक (बारीक विणीचं सुती कापड) घेतलं, खळ काढून ब्लीच केलेलं. तिथल्या शेठनी एक साधी परीक्षा शिकवली. कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो लगेच जिरला पाहिजे. वर मण्यासारखा थांबला तर खळ राहिलेली आहे आणि रंगही तसाच वर राहणार.

थोडे मीटर हवे असतील तर डिजिटल प्रिंटिंग सोयीचं. त्याला स्क्रीन लागत नाही आणि रंग कितीही चालतात. पण मीटर वाढले की स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून रंग उतरवणं, परवडतं, शिवाय मला ते हाताने होताना बघायचं होतं. धारावीतल्या एका कारखान्यात गेले. तिथले प्रिंटिंग बघणारे काका तरुणपणी परळच्या गिरणीत प्रिंटिंग खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर ते या कामात आले. चित्र बघताच त्यांनी विचारलं, "रंग किती?" स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि प्रत्येक स्क्रीनचा खर्च वेगळा. माझ्या चित्रात जलरंगाच्या छटाच छटा होत्या. आम्ही दोघं ते चित्र घेऊन बसलो आणि ते चार स्क्रीनवर आलं: पिवळा, निळसर हिरवा, जांभळा आणि गडद तपकिरी. आम्ही वापरले ते रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक जोड धरणारे रंग, पारदर्शक असतात, त्यामुळे पिवळ्यावर निळसर हिरवा पडला की पोपटी मिळतो, त्यासाठी वेगळी स्क्रीन लागत नाही. करटोलीच्या फळाचा रंग असा दोन रंगांतून आला. माझ्या जलरंगातल्या हिरव्यापेक्षा तो जास्त जिवंत आहे.

जुलैत स्क्रीन बनवणं कठीण असतं. जाळीवर लावलेलं इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारा लेप, त्यावर चित्राची फिल्म ठेवून आकार उमटवतात) दमट हवेत वाळत नाही, आणि ओलसर राहिलं तर फिल्मवरची बारीक रेघ नीट उमटत नाही. माझे ताणे नेमके बारीक रेघेचे होते. काकांनी स्क्रीन बंद खोलीत पंख्याखाली रात्रभर ठेवल्या, तेव्हा कुठे ते आले.

छपाई बघताना मी तिथून हललेच नाही. लांबच लांब टेबलावर कापड ताणून चिकटवलेलं. कडेच्या पट्टीवर रिपीटच्या अंतराने खुंट्या, त्यांना स्क्रीन टेकवायची. दोन बाजूंना दोन माणसं, स्क्वीजी, म्हणजे रंग जाळीतून दाबून ओढायची रबरी पट्टी, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. पहिली जागा छापली की दुसरी सोडून तिसरी, मग पाचवी. सोडलेल्या जागा पहिल्या वाळल्यावर. नाहीतर स्क्रीनची चौकट ओल्या रंगावर बसते. कापडाच्या किनारीवर प्रत्येक रंगाचा एकेक ठिपका छापला जातो, त्यावरून कुठला रंग सरकलाय ते लगेच कळतं. रंग थोडे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणजे स्क्रीन केसभर हलली तरी मधे पांढरी फट दिसत नाही.

छापून झालेलं कापड मला मळकट वाटलं. काका म्हणाले, "आत्ता काही बोलू नका, वाफ लागू द्या." रिअॅक्टिव्ह रंग वाफेत धाग्याला धरतात. त्यानंतर थंड पाणी, गरम साबणाचं पाणी, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं, कारण न धरलेला रंग राहिला तर पहिल्याच धुण्यात तो पांढऱ्यावर बसतो. धुऊन आलेला नमुना आम्ही दारात, दिवसाच्या उजेडात बघितला. ट्यूबलाइटखाली तपकिरी दिसणारं शेवळ बाहेर जांभळं झालं. तपकिरी एक पायरी कमी करून पुन्हा नमुना काढला आणि तो ब्रँडने मंजूर केला.

आता कागदपत्रं. याबद्दल मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तपशिलात लिहिते. ब्रँडने पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात ठोक रकमेत सगळे हक्क कायमचे मागितले होते. वकील मैत्रिणीने मला दोन कायदे वाचायला लावले. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १५ प्रमाणे, नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कुणी ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा काढली, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. कापडाच्या बाबतीत ५० म्हणजे काहीच नाही. म्हणून डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करायची. ती १० वर्षांसाठी मिळते आणि आणखी ५ वर्षं वाढवता येते. अर्ज ऑनलाइन होतो. एकट्या व्यक्तीसाठी अर्जाची फी १००० रुपये होती. एक अट फार कडक: अर्जाआधी डिझाइन कुठेही जाहीर झालेलं नसावं. इन्स्टाग्रामवर टाकलेलंसुद्धा. मी अर्जाची तारीख मिळेपर्यंत एक फोटोही टाकला नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डिझाइन कायद्यात मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक काम करून घेणारा ठरतो. मी आगाऊ पैसे घेतले नव्हते, डिझाइन माझं म्हणून आधी तयार केलं होतं, आणि करारातही तसं लिहून घेतलं. ब्रँडला दिला तो फक्त वापराचा परवाना: बायकांचे कपडे, भारतात, ठरलेल्या मुदतीसाठी. चादरी, पडदे, स्टेशनरी माझ्याकडे. मुदत आणि प्रदेश मी आवर्जून घातले. कॉपीराइट लिहून देताना हे दोन्ही लिहायचे राहिले तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ५ वर्षं आणि भारत असं धरलं जातं, पण आपल्या वतीने गृहीत धरणं कायद्यावर कशाला सोडायचं? ब्रँडने थोडी खळखळ केली आणि सही केली. माणसं वाईट नव्हती, मसुदा कुठूनतरी तयार घेतलेला होता.

एक मागणी मी तोंडी केली होती, तीही मान्य झाली. किनारीवर रंगांच्या ठिपक्यांशेजारी माझं आणि कारखान्याचं नाव छापतात. शिवताना किनार कापली जाते, घालणाऱ्या बाईला ती दिसत नाही. पण ताका उलगडणाऱ्या प्रत्येकाला दिसते, आणि काकांना पुढचं एक काम त्यावरूनच आलं.

ब्रँडला आता तेच प्रिंट निळ्या जमिनीवर, म्हणजे कापडाच्या निळ्या पार्श्वभूमीवर, हवं आहे. स्क्रीन त्याच राहतील, फक्त रंग बदलतील. पण गडद निळ्यावर आमचा पारदर्शक पिवळा दिसणारच नाही. त्यामुळे जमीन फिकट आकाशी करायची, की निळा रंग काढून पिवळा बसवणारी डिस्चार्ज छपाई करायची, यावर काका आणि मी दोन्हींचे नमुने काढतो आहोत. माझा कल डिस्चार्जकडे आहे, काकांचा अजून नाही.