फायरप्लेसची ऊब आणि धुराड्यातली हवा

उघड्या फायरप्लेससमोर बसलेल्या माणसाच्या नडग्या चांगल्या भाजून निघतात आणि पाठ मात्र गारच राहते. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना मी पुढे जे म्हणणार आहे त्यातले निम्मे आधीच ठाऊक आहे. फायरप्लेस समोर बसलेल्याला तापवते, घराला क्वचितच. आणि तिच्या भरवशावर खरोखरच घर उबदार ठेवायचे असेल, तर आगीपेक्षा हवेकडे अधिक लक्ष द्यावे लागते, असे माझे मत अनेक हिवाळ्यांच्या निरीक्षणातून पक्के झाले आहे.

आगीतली उष्णता दोन वाटांनी बाहेर पडते. एक हिस्सा प्रारणाच्या रूपाने ज्वाळांपासून आणि निखाऱ्यांपासून सरळ रेषेत निघून समोरच्या भिंतीवर, खुर्चीवर आणि आपल्या अंगावर येतो. वाटेतली हवा तापवण्याच्या भानगडीत तो फारसा पडत नाही. दुसरा, अधिक मोठा हिस्सा तापलेल्या धुरासोबत धुराड्यातून वर निघून जातो. इथवर ठीक होते. परंतु लाकूड जळायला जेवढी हवा लागते, तिच्या कितीतरी पट हवा त्या उघड्या तोंडातून वर ओढली जाते, आणि ती असते आपणच तापवलेली खोलीतली हवा. ती गेली की तिची जागा भरून काढायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरते. लाकडात जेवढी उष्णता असते, तिच्यापैकी जेमतेम १० ते १५ टक्के खोलीच्या पदरात पडते, आणि कडाक्याच्या थंडीत हा हिशेब तोट्यातही जाऊ शकतो. घराला स्वतंत्र हीटिंग असेल आणि त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून हीटिंग चालू-बंद करणारे यंत्र, नेमका फायरप्लेसच्याच खोलीत लावलेला असेल, तर आणखी गंमत होते: शेजारच्या आगीमुळे थर्मोस्टॅटला सगळे घर तापल्यासारखे वाटते, हीटिंग बंद पडते आणि टोकाच्या खोलीत झोपलेली माणसे कुडकुडत राहतात. त्यांच्यासाठी दिवाणखान्यात आणखी ओंडके टाकणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

या त्रुटीवर विचार करणारे पहिले आपण नव्हे. बेंजामिन फ्रँकलिनने १७४०च्या दशकात लोखंडी पत्र्यांची एक नवी रचना केली आणि १७४४ साली तिच्याविषयी पुस्तिका छापली. खोलीबाहेरून येणारी हवा तापलेल्या लोखंडी पेटीतून फिरवून मग खोलीत सोडायची, ही तिच्यातली मुख्य कल्पना होती. पेटंट देऊ केले असता त्याने ते नाकारले, हे सर्वांना आवडणारे आहे. मात्र धूर खाली वळवून मग वर नेणारी ती रचना नीट ओढ धरत नसे, म्हणजे धूर वर खेचत नसे, हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते खरे मोठे काम काउंट रमफर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसनचे आहे. १७९६ च्या सुमारास त्याने फायरप्लेसची खोल, चौकोनी गुहा काढून टाकली. मागची भिंत पुढे आणली, ती समोरच्या तोंडाच्या सुमारे एक-तृतीयांश रुंदीची ठेवली आणि बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे प्रारण एकमेकींवर आपटून वाया न जाता खोलीत परावर्तित होऊ लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने धुराड्याचा घसा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद केला. आग उघडीच राहिली, धूर नीट वर जाऊ लागला आणि खोलीतली हवा फुकट पळून जाणे कमी झाले. नवे घर बांधताना ज्यांना उघडीच आग हवी असते, त्यांनी आजही याच आकाराचा आग्रह धरावा.

धुराडे काम करते ते केवळ वजनातल्या फरकावर. आतली तापलेली हवा बाहेरच्या गार हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती वर चढते. धुराडे जितके उंच आणि आतून जितके गरम, तितकी ओढ जोरकस. घराच्या पोटातून वर जाणारे धुराडे गरम राहते, तर बाहेरच्या भिंतीला चिकटवलेले थंडीने गोठलेले असते, आणि अशा धुराड्यात आग पेटवण्याआधी थंड हवेचा एक जड स्तंभ खाली दाब देऊन बसलेला असतो. धुराडे उघडण्या-बंद करण्यासाठी आगीच्या वर जी झडप असते, तिच्याखाली हात धरला तर तो वारा तळव्याला चक्क लागतो. त्या वेळी काड्या पेटवल्या तर पहिला धूर खोलीत येणार हे ठरलेलेच. म्हणून आधी वर्तमानपत्राचा एक पिळलेला कागद पेटवून झडपेजवळ धरावा, ज्वाळा वर ओढली जाऊ लागली की मगच खालचे सरपण पेटवावे. इतके करूनही धूर आत येत असेल, तर दोष धुराड्यात शोधण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन यावे. तिथला एक्झॉस्ट पंखा चालू असेल आणि घर फटी बुजवून घट्ट केलेले असेल, तर पंखा आणि धुराडे एकाच हवेसाठी भांडत असतात आणि बहुधा पंखाच जिंकतो. पंखा बंद केला किंवा खिडकी बोटभर उघडली की भांडण मिटते.

रात्रीचा प्रश्न मात्र असा सहज सुटत नाही. झोपण्याच्या वेळी आग मंदावलेली असते, आता तिच्यापासून ऊब जवळजवळ मिळत नाही आणि उघड्या झडपेतून घरातली गरम हवा पहाटेपर्यंत वर जात राहणार असते. झडप लावून टाकावी असा मोह होतो. परंतु राखेखाली निखारे धगधगत असेपर्यंत त्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असतो, त्याला ना रंग ना वास, आणि झडप लावली की तो वायू खोलीतच राहतो. इथे काटकसर करू नये. झडप उघडी ठेवावी, पुढे काचेची दारे असतील तर ती लावून घ्यावीत आणि झोपण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. उष्णता थोडी गेली तर गेली.

आता लाकडाविषयी. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते, आणि ती आगीतूनच जाते. ओलावा २० टक्क्यांवर आलेले एक किलो लाकूड सुमारे ४ युनिट विजेइतकी उष्णता देते. निम्मे पाणी असलेले लाकूड त्याच्या जवळपास अर्धीच देते, तीही धुमसत, फुसफुसत आणि टोकांतून फेस गाळत. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. लाकूड तापले की त्यातून आधी ज्वलनशील वायू निघतात आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंतच असते. ते नीट जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ओल्या लाकडाची आग तिथवर पोचत नाही, म्हणजे आपण विकत घेतलेली उष्णता न जळताच धूर होऊन निघून जाते आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत शिरते.

लाकूड सुकले की नाही हे विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नये. टोकाला मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतात, साल सुटू लागलेली असते आणि दोन फाळके एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड बद्द वाजते. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, पण त्याच्या सुया बाहेरच्या पृष्ठभागात खुपसून मिळालेला आकडा फसवा असतो. फाळका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजावे. सुकवायला लाकडाच्या जातीप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षे लागतात, आणि आधी फोडून मग रचले तरच. रास जमिनीपासून उचललेली असावी, वरून झाकलेली आणि बाजूंनी उघडी. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळणाऱ्यांची लाकडे आत कुजत असतात.

पेटवण्याच्या बाबतीत मी सर्वांना उलटी रचना सुचवतो: जाड ओंडके तळाला, त्यांवर पातळ ढलप्या आणि सर्वांत वर काटक्या. आग वरून खाली उतरते, खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातात आणि सुरुवातीचा धूर खूपच कमी होतो. रंगवलेले लाकूड, प्लायवुड किंवा प्लॅस्टिक यांतले काहीही आत जाऊ नये.

न जळलेला धूर थंड धुराड्यात, साधारण १२० अंशांखाली, भिंतींवर चिकट, काळ्या थराच्या रूपाने साचतो. हा थर स्वतःच इंधन असतो. तो पेटला तर धुराड्यातून घोंघावणारा आवाज येतो आणि विटांना तडे जाण्याइतकी उष्णता निर्माण होते. वर्षातून एकदा धुराडे साफ करून घेणे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

ज्याला घरच तापवायचे आहे, त्याने जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी बसवून तिच्या मापाची स्टीलची नळी धुराड्यातून वरपर्यंत न्यावी. हवा किती आत जावी हे तिथे आपल्या हातात राहते आणि चांगल्या शेगडीची कार्यक्षमता ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. याहूनही मला पटणारी पद्धत फिनलंड, रशिया आणि ऑस्ट्रियातल्या दगडी भट्ट्यांची आहे: दिवसातून एकदोनदा भरपूर हवा देऊन आग झपाट्याने जाळायची, धूर विटांच्या वळणावळणाच्या वाटेने फिरवायचा आणि तापलेल्या दगडातून पुढचे बारा किंवा अधिक तास ऊब घेत राहायचे. फक्त तिचे वजन टनांत असते, त्यामुळे खालचा पाया तिच्यासाठीच बांधावा लागतो आणि तयार घरात ती सहसा बसत नाही. काचेमागे आगीचा तडतडाट दबतो, ही तक्रार मला मान्य आहे. तो ऐकायचा असेल तर उघडी फायरप्लेस सणासुदीच्या संध्याकाळीपुरती ठेवावी आणि तिच्याकडून ऊबेची अपेक्षा करू नये.

राख रोज झाडून लख्ख करण्याची गरज नाही. बोटभर थर राहिला तर निखारे जास्त वेळ टिकतात. काढलेली राख मात्र झाकणाच्या लोखंडी बादलीतच भरावी आणि बादली घराबाहेर, दगडावर किंवा मातीवर ठेवावी, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो.